दोन करंगळ्या

पेटी वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला स्वर ठाऊक नसतात, त्याला भाता ठाऊक असतो. वडिलांच्या पेटीवर मी आठव्या वर्षी बसले आणि पुढची पस्तीस वर्षे माझ्या डाव्या हाताने हवा भरण्याखेरीज दुसरे काही केले नाही. उजव्या हाताने सुरावट वाजवायची आणि डाव्याने तिला श्वास पुरवायचा, अशी ती स्वच्छ वाटणी होती आणि तिच्यात मला कधी काही उणे वाटले नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी पियानो शिकायचे ठरवले तेव्हा पट्ट्या ओळखीच्याच होत्या; काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, तिथेही काळी एकच होती. अनोळखी होते ते एकाच वेळी वाजणाऱ्या दोन स्वरांपैकी एक मोठा आणि दुसरा लहान ठेवणे, खर्जाचे आणि सुरावटीचे वजन एकमेकांशी जुळवणे. गेली चार वर्षे मी मुख्यतः तेवढेच शिकते आहे, असे म्हटले तरी चालेल.

पेटीत हे करताच येत नाही. भात्यातली हवा उघडलेल्या सगळ्या सुरांना सारख्याच दाबाने मिळते. पट्टी हळुवार दाबली काय आणि आपटली काय, स्वराचा मोठेपणा बदलत नाही. तो बदलतो भात्याने, आणि बदलतो तेव्हा सगळ्या स्वरांचा एकदम बदलतो. पियानोत मात्र प्रत्येक पट्टीमागे तिची स्वतःची हातोडी असते, आणि पट्टी किती वेगाने खाली गेली यावर ती हातोडी तारेवर किती वेगाने आदळणार हे ठरते. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जात असे, त्यामुळे बोटाच्या जोराला तिथे फारसा अर्थ नव्हता. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास हातोड्यांचे हे वाद्य घडवले आणि त्याच्या वर्णनात ‘पियानो’ आणि ‘फोर्ते’, म्हणजे मृदू आणि जोरकस, हे दोन शब्द येऊन बसले. पुढे त्यांतला ‘फोर्ते’ बोलण्यात गळून पडला. ज्या गोष्टीसाठी मी झगडत होते तीच या वाद्याच्या जन्माचे कारण आहे, हे कळल्यावर मला माझ्या झगड्याची जरा कमी लाज वाटू लागली.

माझी चूक उघडकीला आली ती बेथोव्हनच्या १८०१ सालच्या सोनाटाच्या, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनेच्या, पहिल्या भागात, ज्याला पुढे लोकांनी ‘मूनलाइट’ हे नाव दिले. त्यात तीन थर आहेत. तळाशी डाव्या हाताचे लांब, संथ खर्जाचे स्वर, एकाच वेळी दोन सप्तकांत वाजणारे. मध्ये तीन-तीनच्या गटांत अखंड वाहणारे स्वर. आणि पाचव्या मात्राखंडाच्या शेवटी या सगळ्याच्या वर उमटणारी काळी चार, जी पुन्हा पुन्हा त्याच जागी येत राहते आणि तरीही सुरावट असते. सगळा भाग अतिशय मृदू वाजवावा, अशी बेथोव्हनची सूचना आहे. हा भाग मी घरच्या डिजिटल पियानोवर तीन महिने बसवला. दिवसा नोकरी आणि घर, त्यामुळे सराव रात्री दहानंतर, आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज अगदी कमी ठेवून. मला तो बरा जमला आहे असे मनापासून वाटत होते.

पुण्याच्या कॅम्पात माझ्या शिक्षिका राहतात. त्या मूळच्या गोव्याच्या, सत्तरी ओलांडलेल्या; त्यांना सगळे विद्यार्थी टीचर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांच्याकडे जुना अपराइट पियानो भिंतीला टेकून उभा आहे. त्यावर मी तो भाग वाजवला आणि पहिल्या दोन ओळींतच मला घाम फुटला, कारण खोलीत नुसता घुमारा भरला होता. खर्जाचा प्रत्येक स्वर ट्रक जावा तसा खालून जात होता आणि वरची काळी चार त्याच्या धुळीत दिसेनाशी झाली होती. मी थांबले. टीचर एवढेच म्हणाल्या, “डावा हात घरी एवढ्या जोरात का वाजवतेस? तिथे तुला तो ऐकू येत नाही का?”

त्यांचा प्रश्न नेमका होता. घरी मला तो खरोखरच ऐकू येत नव्हता. या भागातला पहिला खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा आहे, आणि डिजिटल पियानोच्या तळाशी बसवलेले छोटे स्पीकर एवढे खालचे स्वर नीट बाहेर टाकू शकत नाहीत. पण दोष एकट्या स्पीकरचा नव्हता, कानाचाही होता. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवले की माणसाच्या कानाला सगळ्या उंचीचे स्वर सारखे मोठे वाटत नाहीत. सेकंदाला तीन-चार हजार कंपनांच्या आसपास कान सर्वांत तीक्ष्ण असतो, खालच्या स्वरांना तो मंद असतो, आणि एकूण आवाज जितका कमी तितका हा मंदपणा वाढतो. म्हणजे रात्री आवाज कमी करून बसल्यावर सुरावट थोडी लहान होत होती आणि खर्ज मात्र जवळजवळ नाहीसा होत होता. तो नाहीसा होतो आहे हे माझ्या डाव्या हाताला जाणवत होते आणि माझ्याही नकळत तो जोर वाढवून भरपाई करत होता. तीन महिने मी अत्यंत निष्ठेने चुकीचे वजन पाठ केले होते.

इथे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. खालचा स्वर वरच्या स्वराला जितका झाकतो तितका वरचा स्वर खालच्याला झाकू शकत नाही. आपल्या कानाच्या आतल्या पडद्यावर उंच स्वरांची जागा दाराजवळ असते आणि खालच्या स्वरांची अगदी टोकाला, त्यामुळे खालच्या स्वराची लाट वरच्या स्वरांच्या अंगणातूनच पुढे जाते. तबल्याच्या मैफलीत डग्ग्यासमोरचा माइक जरा जास्त उघडला की चाटेचे बोल कसे बुडतात, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्यामुळे खर्ज आणि सुरावट यांची लढत मुळातच सारख्यांची नाही. सुरावटीला सारखा जोर दिला तर ती मागे पडते. तिला थोडा जास्तच द्यावा लागतो.

साहजिकच मी पहिला उपाय केला तो सगळे करतात तोच: डावा हात लहान करून टाकला. ‘डावा हात हळू’ हा सल्ला पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो आणि तो खोटा नाही, पण माझ्या मते अर्धा आहे, आणि अर्धा असल्यामुळेच त्याने बरेच नुकसान होते. मी हात हळू केला तेव्हा काही स्वर उमटलेच नाहीत. पियानोची पट्टी सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते आणि त्या प्रवासाच्या शेवटाजवळ हातोडी यंत्रणेपासून सुटून स्वतःच्या वेगाने तारेकडे जाते. वेग पुरेसा नसेल तर ती तारेपर्यंत पोहोचतच नाही. जे स्वर उमटले तेही भित्रे होते. सुरावट आता ऐकू येत होती, पण ती हवेत लोंबकळत होती. टीचरांनी ते ऐकून मान हलवली आणि म्हणाल्या की, तळ काढून घेतलास तर वरचा मजला कशावर उभा राहणार? मग त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, अंगठा बाजूला केला आणि नुसती करंगळी पट्टीवर ठेवून म्हणाल्या, “ही वाजव. अंगठा सोड.”

डाव्या हाताने एकच स्वर दोन सप्तकांत वाजवताना खालचा स्वर करंगळीकडे असतो आणि वरचा अंगठ्याकडे. अंगठा आखूड, जाड आणि जात्याच जड. मी जो गोंगाट करत होते तो मुख्यतः अंगठ्याचा होता, आणि तो स्वर पियानोच्या मधल्या भागाजवळचा, म्हणजे नेमका गर्दीतला. उजव्या हातातही तेच. वाहणारे मधले स्वर अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे वाजवतात, आणि सुरावट, ती काळी चार, येते करंगळीच्या वाट्याला. माणसाचे दोन हात पट्ट्यांवर समोरासमोर ठेवले की दोन्ही अंगठे आत येतात आणि दोन्ही करंगळ्या बाहेर जातात, आणि पियानोच्या संगीतात ऐकू यायला हवे ते बहुतेक वेळा त्या दोन बाहेरच्या टोकांनाच असते: तळाचा खर्ज आणि माथ्याची सुरावट. सर्वांत बलवान बोटांना सर्वांत मागे राहायचे काम आणि सर्वांत अशक्त बोटांनी सगळा भार उचलायचा. गोवर्धन करंगळीवर उचलला तेव्हा गोपांनी खालून काठ्या लावल्या होत्या, त्या काठ्यांची जागा आमच्या अंगठ्यांची आहे. त्यांनी टेकू द्यायचा, पण डोंगर आपण उचलला असे भासवायचे नाही.

हे समजल्यावर माझा प्रश्नच बदलला. तोवर मी डाव्या हाताला उजव्याच्या विरुद्ध तोलत होते. खरे तोलणे दोन्ही करंगळ्या एका बाजूला आणि मधली सगळी बोटे दुसऱ्या बाजूला असे होते. खर्जाला मी आता घाबरवत नाही. तो खोल, गोल आणि पुरेसा असू देते, फक्त त्याच्यावरचा अंगठ्याचा स्वर जवळजवळ सावलीसारखा ठेवते. आश्चर्य असे की, तसे केल्यावर खर्ज पूर्वीपेक्षा मोठा असूनही सुरावट स्पष्ट ऐकू येते, कारण त्या दोघांच्या मध्ये आता मोकळी जागा असते.

सराव मात्र रटाळ होता आणि तो रटाळच असायला हवा होता, असे मला वाटते. मधले सगळे स्वर गाळून फक्त तळ आणि माथा वाजवायचा, आठवडाभर. मग मधले स्वर पट्ट्यांना नुसते स्पर्श करून, आवाज न करता, ‘मुके’ वाजवायचे आणि सुरावट मोठ्याने. मग सुरावट गळ्याने गायची आणि बाकीचे हातांनी. यात गाण्याची सवय उपयोगी पडली, कारण गळा जिथे श्वास घेई तिथे बोटेही घेऊ लागली. पेटीची एक सवय मात्र जाता जात नव्हती. स्वर उमटल्यावरही मी पट्टी दाबत राहायचे, जणू दाबल्याने तो वाढणार होता. पियानोत हातोडी सुटली की बोटाच्या हाती एकच गोष्ट उरते, स्वर कधी संपवायचा ती. मोठेपणाचा निर्णय आधीच होऊन गेलेला असतो.

आणि इथेच या विषयाचा सर्वांत अवघड भाग येतो, कारण पियानोचा स्वर जन्मल्या क्षणापासून विरत जातो. पेटीचा स्वर हवा असेपर्यंत उभा राहतो. पियानोचा आधी झपाट्याने उतरतो आणि मग संथपणे, आणि वरचे स्वर खालच्या स्वरांपेक्षा खूप लवकर विरतात. म्हणजे सुरुवातीला अगदी अचूक जुळवलेले वजनही दोन मात्रांनी बिघडलेले असते, कारण तोवर सुरावट निम्मी झालेली असते आणि खर्ज अजून तसाच घुमत असतो. हे मला टीचरांनी शोपँ या पोलिश संगीतकाराच्या अठ्ठाविसाव्या ओपसमधल्या, म्हणजे प्रकाशित संचातल्या, चौथ्या प्रिल्यूडवर शिकवले. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संचातली ही रचना फक्त २५ मात्राखंडांची आहे. उजव्या हाताला एकेक सुटा स्वर: पांढरी सात, तिच्यावर पांढरी एक, पुन्हा पांढरी सात. डाव्या हाताला एका मात्राखंडात आठ कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, आणि त्यांच्यातला कधी हा तर कधी तो स्वर बहुतेक अर्ध्या स्वराने खाली सरकत राहतो. दिसायला इतकी सोपी रचना मला दुसरी माहीत नाही.

सुरावटीचा तो पहिला लांब स्वर एकदाच वाजतो आणि त्याच्याखाली सहा कॉर्ड्स वाजेपर्यंत त्याला टिकायचे असते. पहिल्या कॉर्डशी जुळवलेले वजन सहाव्या कॉर्डला टिकत नाही. त्यातही पहिल्या कॉर्डचा सर्वांत वरचा स्वर, पांढरी तीन, डाव्या अंगठ्याकडे असतो. तो जरा जड पडला की ऐकणाऱ्याला वाटते सुरावट म्हणजे तीच, एकाच स्वराची ठकठक. टीचरांनी मला सांगितले की कॉर्ड्स मोजू नकोस, वरचा स्वर ऐक, आणि प्रत्येक कॉर्ड त्याच्या उरलेल्या आवाजाच्या आत ठेव. म्हणजे सहाही कॉर्ड्स सारख्या नाहीत. स्वर विरत जातो तशा त्याही त्याच्याबरोबर विरत जातात. आणि नंतर येणारी पांढरी एक कुठल्या मोठेपणाने वाजवायची? पांढरी सात ज्या मोठेपणाने सुरू झाली होती त्याने नव्हे, तर ती विरत विरत जिथे पोहोचली आहे तिथून. मी डोळे मिटून तो स्वर शेवटपर्यंत ऐकायला लागले तेव्हा मला कळले की तोवर मी माझे स्वर फक्त सुरू केले होते, ऐकले नव्हते. शोपँ आपल्या शिष्यांना डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक असे सांगत असे, अशी आठवण त्याच्या शिष्यांनी नोंदवली आहे. ती लयीविषयी आहे; पण संचालक स्वतः आवाज करत नाही आणि तरी सगळे त्याच्या आधाराने चालते, हे मला त्यात नेहमी दिसते.

खर्जाला कमी लेखू नये याचे एक कारण मला पियानोपेक्षा आधी तंबोऱ्याने शिकवले होते. नीट मिळालेल्या तंबोऱ्यात खर्जाची तार छेडली की गांधार आपोआप ऐकू येतो. कुणी तो लावलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. पियानोवर हाच प्रयोग करता येतो. मधल्या सप्तकाच्या सुरुवातीची पांढरी एक आवाज न करता दाबून धरावी, म्हणजे तिच्या तारांवरचा दाब उठतो. मग तिच्या खालच्या दोन सप्तकांपलीकडची पांढरी एक जोराने वाजवून लगेच सोडावी. खालचा स्वर थांबतो आणि न वाजवलेला वरचा षड्ज हवेत गात राहतो. त्याच्या खालच्या पंचमाच्या पट्टीवर हे करून पाहिले तर तोही असाच बोलतो. गांधारही बोलतो, पण जरा अंधुक, कारण पियानोचा गांधार समान अंतरांच्या हिशेबाने लावलेला असतो आणि नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा असतो. खर्जाच्या पोटात वरचे स्वर असे आधीच असतात. पेडल दाबून सगळ्या तारा मोकळ्या केल्यावर चांगला वाजलेला खर्ज सुरावटीच्या तारांनाही हलवतो. तो भित्रेपणाने वाजवला तर हे घडत नाही, आणि म्हणूनच माझी ती पहिली, डाव्या हाताला दटावून वाजवलेली सुरावट इतकी कोरडी वाटत होती.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. चांगल्या वादकांच्या वादनात सुरावटीचा स्वर साथीच्या स्वरांपेक्षा किंचित आधी, सुमारे ३० मिलिसेकंद आधी येतो, आणि ही जाणीवपूर्वक केलेली नजाकत आहे असे बराच काळ मानले जात होते. ऑस्ट्रियन संशोधक वेर्नर ग्योबल यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ वादकांकडून शोपँच्या रचनांचे उतारे संगणकाला जोडलेल्या पियानोवर वाजवून घेतले, तेव्हा दिसले की बोटे पट्ट्यांवर जवळजवळ एकाच क्षणी पडतात. मोठा वाजवलेला स्वर आधी येतो तो त्याची हातोडी जास्त वेगाने जाऊन आधी पोहोचते म्हणून. सुरावटीला वजन दिले की ती आपोआप पाऊलभर पुढे उभी राहते. हे मुद्दाम करायला गेलेल्या विद्यार्थ्यांचे दोन हात एकमेकांपासून सुटलेले मी ऐकले आहेत, माझेही त्यांत होते.

वाद्यावरही बरेच अवलंबून असते, हे सांगायला हवे. ही प्रिल्यूड्स शोपँने १८३८-३९ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर, व्हाल्देमोसाच्या मठात राहून पूर्ण केली, आणि तिथे त्याच्याकडे पॅरिसहून आलेला प्लेएल कंपनीचा छोटा पियानो होता. त्या काळच्या वाद्यांचा खर्ज आजच्यापेक्षा हलका आणि मोकळा असे. खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याची, ज्यामुळे त्या लांब आणि भारदस्त झाल्या, मोठ्या पियानोतली पद्धत स्टाइनवेने पेटंट केली ती १८५९ साली, म्हणजे शोपँच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्याने कागदावर लिहिलेले ‘मृदू’ आजच्या वाद्यावर जसेच्या तसे उचलले तर तळ जड होणारच. भिंतीला टेकलेल्या टीचरांच्या अपराइटवर मी आता पहिल्या दोन मिनिटांत फक्त खर्जाचे पाच-सहा स्वर वाजवून बघते, खोली त्यांचे काय करते आहे ते ऐकते आणि मगच सुरुवात करते. घरी सरावाची वेळ बदलून पहाटेची केली आहे आणि हेडफोन घेतले आहेत, ज्यांत ६९ कंपने निदान ऐकू तरी येतात.

गेल्या रविवारी वडिलांना टीचरांकडे घेऊन गेले. ते आता पेटी वाजवत नाहीत, भात्याचा हात दुखतो. मी चौथे प्रिल्यूड वाजवले. त्याच्या शेवटी एक स्तब्धता येते आणि नंतर तीन अगदी मंद, खोल कॉर्ड्स, ज्यांत दोन्ही हात खाली उतरलेले असतात आणि सुरावट अशी वेगळी उरतच नाही. तिथे कुठला स्वर पुढे ठेवायचा हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्या दिवशी मी माथ्याचा ठेवला होता. वाजवणे संपले तेव्हा टीचर काही बोलल्या नाहीत. वडील खुर्चीत थोडे पुढे झुकले आणि म्हणाले, “शेवटी खालचा सा ऐकू येऊ दे की गं.” मी शेवटची कॉर्ड पुन्हा वाजवली, डाव्या करंगळीवर थोडे वजन टाकून, आणि ती पूर्ण विरेपर्यंत आम्ही तिघेही थांबलो.